मेजर गेले, ट्रंक उघडा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यात फौजेतून घरी आलेला माणूस नाईक असो वा सुभेदार, गाव त्याला ‘मेजर’ म्हणूनच हाक मारतं. पहाटे साडेचारला दाढी उरकणारा, डेअरीत दूध घालायला ठरल्या वेळी हजर असणारा, भरतीच्या पोरांचे सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसावेत म्हणून शिट्टी घेऊन माळावर जाणारा तो म्हातारा एक दिवस जातो. घरात रडारड असते, भावकी जमते, पाव्हण्यांना फोन जातात. त्या वेळी माळ्यावर एक काळी लोखंडी ट्रंक असते, पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेली. पुढचे सहा महिने त्या घरातल्या बाईंच्या हातात पैसे येणार की नाही, हे ट्रंकेतल्या दोन कागदांवर ठरतं: डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या सेवेची नोंदवही, आणि पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन देण्याचा आदेश.

गडहिंग्लज-चंदगडपासून थेट शिरोळच्या सैनिक टाकळीपर्यंत या जिल्ह्यात फौजेची घरं दाट आहेत. मेजर गेल्यावर कागद घेऊन त्या घरांबरोबर फिरण्याचं काम आम्ही माजी सैनिक करतो. जे होतं, जे अडतं, ते इथे घडतं त्या क्रमाने लिहिलं आहे.

पहिला प्रश्न तिरंग्याचा असतो. गावातली पोरं प्रेमापोटी झेंडा घेऊन येतात आणि पार्थिवावर घालायला सांगतात. तिथे थोडं कठोर व्हावं लागतं. ध्वजसंहिता २००२ आणि राष्ट्रीय सन्मानाचा १९७१ चा कायदा यांनुसार शासकीय इतमामातल्या, सैन्यदलाच्या किंवा निमलष्करी दलाच्या अंत्यसंस्काराशिवाय राष्ट्रध्वज पार्थिवावर घालता येत नाही. निवृत्त होऊन तीस-चाळीस वर्षं झालेला माणूस घरी वार्धक्याने जातो, तो अंत्यसंस्कार खासगी असतो. जिथे ध्वज घालतात तिथेसुद्धा केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला येतो, आणि चितेपूर्वी ध्वज काढून, घडी करून घेतात. तो जाळायचा नसतो, पुरायचा नसतो. मेजर शौर्यपदक विजेते असतील तर मात्र तिरडी बांधण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला फोन करावा.

तिरंगा नाही म्हणजे मान नाही, असं घरच्यांना वाटू देऊ नये. आसपासच्या गावांतले माजी सैनिक डाव्या छातीवर स्वतःची पदकं लावून येतात आणि स्मशानाच्या वाटेवर समोरासमोर दोन ओळी करतात. त्यांतल्या वरिष्ठाने ‘सावधान’चा हुकूम द्यायचा. ज्यांच्या डोक्यावर टोपी आहे त्यांनी सॅल्यूट करायचा, बोडक्या डोक्याच्या माणसाने नुसतं सावधान उभं राहायचं. फौजेत बिनटोपीचा सॅल्यूट नसतो, आणि जाणाऱ्याने आयुष्यभर हे पाळलेलं असतं. पुष्पचक्र एकच, संघटनेच्या नावाचं. मराठा लाईट इन्फंट्रीचा माणूस असेल तर शेवटी ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही रेजिमेंटची घोषणा होते. सलामी म्हणून कुणाच्या परवान्याच्या बंदुकीतून बार काढू नये, तो गुन्हा ठरतो.

पदकं पार्थिवावर लावली असतील तर अग्नी देण्याआधी ती आठवणीने उतरवावीत. बहुतेक पदकांवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, त्यामुळे कागद हरवला तरी सेवा क्रमांक तिथे सापडतो. त्या वयाच्या माणसांकडे बहुधा समर सेवा स्टार १९६५, रक्षा मेडल, १९७१ चं पूर्वी किंवा पश्चिमी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनाचं मेडल यांपैकी काही निघतात. ही युद्धात किंवा त्या काळात सेवा केल्याची पदकं आहेत, शौर्यपदकं नव्हेत. श्रद्धांजलीच्या फलकावर घाईत ‘वीरचक्र’ छापलं जातं आणि नंतर घरच्यांना मान खाली घालावी लागते. छापायच्या आधी डिस्चार्ज बुकातलं पदकांचं पान बघावं. बासष्ट, पासष्ट किंवा एकाहत्तरला हा माणूस सीमेवर होता, हे त्या पानावर असतं आणि तेवढं पुरेसं मोठं आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या किंवा दूधगंगेच्या काठची स्मशानशेड पाण्यात असते. तेव्हा दहन दुसरीकडे करावं लागतं आणि लाकूड ओलं असेल तर कोरड्या शेणी जास्त लागतात. त्याने कागदात काही बदलत नाही, कारण मृत्यूची नोंद दहन जिथे झालं तिथली नसते. मृत्यू जिथे झाला तिथली असते. इथेच पहिली मोठी चूक होते. मेजर कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, किंवा खासगी दवाखान्यात गेले असतील तर नोंद कोल्हापूर महानगरपालिकेत होते. लोक गावी येऊन ग्रामपंचायतीत अर्ज देतात, दोन आठवडे थांबतात आणि मग कळतं की इथे नोंद होणारच नाही. घरी गेले असतील तर ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक, हेच निबंधक असतात. २१ दिवसांत कळवलं तर फी नाही. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढे वर्षापर्यंत स्वसाक्षांकित कागद आणि वरिष्ठांची परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. पडून, अपघातात किंवा उसात साप चावून मृत्यू झाला असेल तर पोलिसांना कळवल्याशिवाय आणि शवविच्छेदनाशिवाय दहन करू नये. विम्याचा आणि सानुग्रह अनुदानाचा कोणताही दावा नंतर त्या कागदावाचून उभा राहत नाही.

नोंद देताना नाव कसं लिहायचं हे ठरवून जावं. आपल्याकडे आप्पा, आप्पासो, आप्पासाहेब हा एकच माणूस असतो. फौजेत त्याला १९६० च्या सुमारास भरतीच्या बाबूने जसं ऐकलं तसं लिहून घेतलेलं असतं. काहींचं आडनाव गावात पाटील आणि फौजेत मूळ कुळीचं, काहींच्या नावात वडिलांचं नावच नाही. मृत्यू दाखल्यावर पीपीओप्रमाणे नाव यावं, इंग्रजी अक्षरांसकट. आधार आणि पीपीओ यांत फरक असेल तर नोंद करतानाच दोन्ही कागद निबंधकांपुढे ठेवून विचारावं. दाखला निघाल्यावर दुरुस्ती करायची म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे. दाखल्याच्या निदान दहा प्रती घ्याव्यात.

ट्रंक कधी उघडायची? आम्ही रक्षाविसर्जनाच्या दिवशी उघडायला सांगतो. पुण्या-मुंबईची मुलं, मुली-जावई, सगळे तिसऱ्या दिवसापर्यंत घरात असतात. उत्तरकार्यापर्यंत थांबलं तर अर्धे लोक कामावर परतलेले असतात आणि कागद कुणी नेला हे कुणालाच माहीत नसतं. सगळ्यांसमोर एकेक वस्तू बाहेर काढून वहीत लिहावी: डिस्चार्ज बुक, मूळ पीपीओ, नंतर आलेले सगळे सुधारित पीपीओ, माजी सैनिकाचं ओळखपत्र, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड, कँटीन कार्ड, विम्याचं प्रमाणपत्र, बँकेचं पासबुक. जुना कागद कितीही फाटका असला तरी लॅमिनेशन करू नये. शिक्के पुसट होतात, मागची बाजू वाचता येत नाही. रंगीत स्कॅन काढून मोबाईलमध्ये आणि दोन मुलांकडे ठेवावा.

ट्रंकेजवळ कधी बारा बोअरची बंदूकही असते. आपल्याकडचे बरेच फौजी निवृत्तीनंतर बँकेच्या सुरक्षेला लागतात आणि परवाना घेतात. परवानाधारक गेला की ती बंदूक घरात ठेवणं बेकायदा होतं. ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वारसाला हवी असेल तर त्याने स्वतंत्र परवान्यासाठी अर्ज करायचा असतो.

आता पैशाकडे. मेजरांचं निवृत्तिवेतन मृत्यूच्या दिवसापर्यंत देय असतं आणि बाईंचं कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून लागू होतं. महिन्याची रक्कम महिनाअखेरीला जमा होते. कुणी दहा तारखेला गेलं आणि कळवलं नाही, तर एकतीस दिवसांचे पैसे खात्यावर येतात. कार्ड आणि पिन मुलाकडे असतो, कार्याला खर्च लागतो, तो पैसे काढतो. दोन-तीन महिने असंच चालतं. पुढे ही सगळी जादा रक्कम बाईंच्या थकबाकीतून वळती होते, आणि बाईंना वाटतं की आपलीच पेन्शन कापली. म्हणून नोंद होऊन दाखला हातात आला की त्याच आठवड्यात कळवावं. ज्यांचं निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाईन पेन्शन प्रणालीवर आलं आहे, त्यांच्यासाठी स्पर्शच्या संकेतस्थळावर लॉग-इन न करताही मृत्यू कळवता येतो. स्वतः जमत नसेल तर स्पर्श सेवा केंद्रात किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. कळवल्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

आणि खातं बंद करू नये. मुलं उत्साहाने बँकेत जाऊन ‘वडील वारले, खातं बंद करा’ म्हणून अर्ज देतात. खातं दोघांच्या नावावर आणि ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात व्यक्ती’ या प्रकारचं असेल तर बाईंची पेन्शन त्यातच येऊ शकते. बंद केलेल्या खात्यावर गेलेली रक्कम परत फिरते आणि पुन्हा सुरू व्हायला महिने जातात. बाईंचं आधार आणि पॅन त्या खात्याला जोडलेलं आहे का, एवढंच बँकेत बघावं.

इथवरचं काम धावपळीचं असतं, पण अवघड नसतं. अवघड काम पुढे येतं आणि ते बहुतेक घरांत एकाच जागी अडतं: बाईंच्या नावावर.

लग्न झालं तेव्हा माहेरच्या मुलीचं नाव बदललं. माहेरी आक्काताई, सासरी सुशीला, गावात हौसाबाई. नवरा सुट्टी संपवून पलटणीत गेला आणि कंपनीच्या बाबूला तोंडी नाव सांगितलं. बाबू पंजाबचा नाहीतर केरळचा, त्याने कानावर पडलं ते इंग्रजीत टिपलं. जन्मतारीख विचारलीच नाही, किंवा नवऱ्याने अंदाजाने वय सांगितलं. ती नोंद पन्नास वर्षं तशीच राहते, कारण मेजर जिवंत असेपर्यंत ती कुणी वाचतच नाही. मधल्या काळात आधार काढताना तिसरंच नाव पडतं आणि जन्मतारीख १ जानेवारी होते. ज्या दिवशी स्पर्शला तिचं आधार आणि पीपीओ शेजारी ठेवले जातात, त्या दिवशी एकाच घरातल्या दोन बाया कागदावर उभ्या राहतात.

नुसता अक्षराचा फरक असेल, म्हणजे ‘बाई’ जोडलेलं किंवा एखादं इंग्रजी अक्षर इकडचं तिकडे, तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र आणि आधार-पॅन यांवर बहुधा भागतं. नाव पूर्ण वेगळं असेल तर अभिलेख कार्यालयातून, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसमधून, दुरुस्त पीपीओ निघावा लागतो. मराठा लाईट इन्फंट्रीवाल्यांचं रेकॉर्ड बेळगावला, निपाणीमार्गे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तोफखान्याचं नाशिक रोडला, ईएमईचं (फौजेच्या यंत्रदुरुस्ती शाखेचं) सिकंदराबादला, सिग्नलचं जबलपूरला, महार रेजिमेंटचं सागरला, डीएससीचं (संरक्षण सुरक्षा दलाचं) कन्नूरला. लांबच्या कार्यालयाला टपालाने पाठवलेला अर्धवट अर्ज तसाच परत येतो, म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासोबत, सगळी जोडपत्रं मोजून पाठवावीत. नंबर, हुद्दा, नाव आणि पीपीओ क्रमांक प्रत्येक पानावर वर लिहावा.

पुरावा म्हणून काय चालतं हे घरोघर बदलतं. आमच्या अनुभवात सगळ्यांत उपयोगी पडतं ते जुनं रेशनकार्ड, ज्यावर नवरा-बायको दोघांची नावं एकाखाली एक आहेत. त्यानंतर मतदार यादी, दोघांचा एकत्र फोटो असलेलं जुनं पासबुक, सरपंच आणि पोलीस पाटील यांचे दाखले. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव असेल असं लोक धरून चालतात, पण जुन्या दाखल्यांवर ते नसतं. घाबरून बाईंचं आधार बदलून फौजेतल्या नावाशी जुळवून घेण्याचा मार्ग काही जण सुचवतात. आम्ही तो टाळायला सांगतो. आधार बदललं की बँक, पॅन, सातबारा आणि ईसीएचएस सगळीकडे नवा फरक तयार होतो. पीपीओ आधाराशी जुळवायचा, उलटं नाही.

हेच काम मेजर हयात असताना केलं तर त्यांच्या एका अर्जावर, दोघांच्या एकत्र फोटोवर आणि त्यांच्या सहीवर होतं. ‘ही माझी बायको’ असं सांगणारा माणूसच गेला की तेवढं एक वाक्य सिद्ध करायला त्या बाईंना सत्तरी-ऐंशीत तालुक्याला आणि जिल्ह्याला फेऱ्या माराव्या लागतात. एसटीच्या पायऱ्या चढताना गुडघे धरणाऱ्या बाईंना खिडकीतून ‘तुमचं नाव यात नाही’ हे ऐकावं लागतं, ते बघवत नाही. म्हणून ज्या घरात आज मेजर चालते-बोलते आहेत, तिथे दिवाळीच्या साफसफाईला ट्रंक उतरवून फक्त एक ओळ वाचावी: पत्नीचं नाव आणि जन्मतारीख. ओळ रिकामी असेल, किंवा लग्न निवृत्तीनंतर झालेलं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला काढून आत्ताच कळवावं. निवृत्तीनंतर लग्न झालेल्या पत्नीलाही हक्क आहे, फक्त तो नोंदवावा लागतो. पहिली बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न असेल तर तिथे सरळ वाट नाही. वकिलाचा सल्ला घ्यावा आणि घरात ते लपवू नये.

जन्मतारखेचं महत्त्व लोकांना उशिरा कळतं. वय ८० पूर्ण झालं की कुटुंब निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. नोंदीत जन्मतारीख नसेल तर ही वाढ आपोआप लागत नाही. ऐंशी ओलांडलेल्या कितीतरी बाया मूळ रकमेवरच राहतात.

रक्कम किती कमी होणार हेही घरात आधी सांगून ठेवावं. साधं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतं, आणि निवृत्तिवेतन ५० टक्क्यांच्या हिशोबाचं. म्हणजे मेजरांना मूळ रक्कम जेवढी मिळत होती त्याच्या साधारण तीन-पंचमांश. मूळ रक्कम ९००० च्या खाली जात नाही, त्यावर महागाई भत्ता मिळतो. ५० टक्क्यांचा वाढीव दर सात वर्षं किंवा मेजरांचं वय ६७ झालं असतं तोवर, यांतलं जे आधी येईल तेवढाच. म्हाताऱ्या सैनिकाच्या बाबतीत तो लागूच होत नाही. अपंगत्वाचा जादा भाग मृत्यूनंतर थांबतो. मात्र फौजेत लागलेल्या त्याच दुखापतीने किंवा आजाराने मृत्यू झाला असेल तर दवाखान्याच्या कागदावर मृत्यूचं कारण स्पष्ट लिहून घ्यावं. विशेष कुटुंब निवृत्तिवेतनाचा दावा त्या ओळीवर उभा राहतो. मेजरांनी नंतर डीएससीत किंवा दुसऱ्या सरकारी नोकरीत सेवा केली असेल तर ती पेन्शनही वेगळी कळवायची.

बाई आधीच गेलेल्या असतील तर घरातली विधवा, घटस्फोटित किंवा अविवाहित मुलगी, आणि कमावू न शकणारं अपंग मूल यांचा हक्क बघावा. गावात हे कुणी सांगत नाही आणि मुलीला भाऊ सांगतीलच असं नाही.

बाकीची कामं दोन फेऱ्यांत होतात. मेजरांचं ओळखपत्र, कँटीन कार्ड आणि ईसीएचएस कार्ड जमा करायचं, बाईंच्या नावाने नवीन घ्यायचं. मेजरांचं कार्ड घेऊन कँटीनला जाणं चालत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं विधवा ओळखपत्र आधी काढावं, कारण पुढचं बरंचसं त्यावर चालतं, ग्रामपंचायतीच्या घरफाळ्याची एका घरापुरती सवलतसुद्धा. सातबाऱ्याची वारसनोंद वेगळी, ती तलाठ्यांकडे. जमीन सरकारने सैनिक म्हणून दिलेली असेल तर ती बहुधा भोगवटादार वर्ग २ ची असते आणि परवानगीशिवाय विकता येत नाही. भावांनी वाटणीचे कागद करण्याआधी उताऱ्यावरचा तो शब्द वाचावा.

पेन्शन सुरू झाल्याचा पहिला संदेश बाईंच्या मोबाईलवर येतो तेव्हा घरातल्यांना वाटतं, झालं काम. पण पहिला नोव्हेंबर अजून यायचा असतो. हयातीचा दाखला आता बाईंना स्वतःच्या नावाने द्यायचा आहे. ८० पुढच्यांना तो ऑक्टोबरपासून देता येतो. सेवा केंद्रातला मुलगा घाईत मेजरांची जुनी माहिती उघडतो. तिथे पेन्शनचा प्रकार ‘सर्व्हिस’ नाही, ‘फॅमिली’ निवडायचा, पीपीओ क्रमांक बाईंचा नवा टाकायचा, आणि वितरण करणारी संस्था म्हणून बँक निवडायची नाही, ‘स्पर्श’ निवडायचं. यांतलं एक चुकलं तरी दाखला निघतो, पण पोचत नाही, आणि पैसे थांबल्यावरच ते कळतं. आयुष्यभर खुरपं आणि विळा धरलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. त्यासाठी बुबुळाचं यंत्र कुठल्या केंद्रात आहे ते आधी विचारून जावं, नाहीतर मोबाईलवर चेहऱ्याने होणारा दाखला करावा. तो दारात, उजेडाकडे तोंड करून, चष्मा काढून आणि पदर कपाळावरून मागे घेऊन एका खेपेला होतो.